समभाग विभाजन : दर्शनी मूल्याचा इतिहास आणि सामान्य भागधारक

प्रस्तावना

खानदेशात शेअर बाजाराचा विषय निघाला की बोलणे फिरून अमळनेरवर येते. डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली व अमळनेर येथे वनस्पती तूप तयार करण्याचा कारखाना उभा राहिला. पुढे हीच कंपनी 'विप्रो' म्हणून जगभर ओळखली गेली. कारखान्याच्या निमित्ताने गावातील व्यापारी, शेतकरी, नोकरदार अशा अनेकांकडे या कंपनीचे समभाग आले व काहींच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यातून निर्माण झालेल्या संपत्तीच्या कथा वृत्तपत्रांनी वेळोवेळी छापल्या आहेत.

या कथांचे स्पष्टीकरण मात्र लोकांच्या तोंडी ठरलेले असते : "शेअर फुटत गेला, म्हणून माणसे श्रीमंत झाली." वाणिज्य शाखेच्या वर्गात आर्थिक इतिहास शिकवताना हेच वाक्य मी दरवर्षी ऐकतो. विद्यार्थी ते घरून घेऊन येतात. हे वाक्य निरुपद्रवी नाही. अमुक कंपनीचा शेअर 'फुटणार आहे' एवढ्या एका बातमीवर शिलकीतले पैसे गुंतवणारी माणसे माझ्या परिचयात आहेत. म्हणूनच समभाग विभाजन हा विषय केवळ वित्तव्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकावर सोपवून भागणार नाही. विभाजनाची कल्पना भारतात कोणत्या परिस्थितीत रुजली, तिच्यावर कोणती बंधने होती व ती केव्हा सैल झाली, हे पाहिल्याशिवाय तिचा खरा अर्थ उलगडत नाही. प्रस्तुत लेखात हा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

विभाजन आणि बक्षीस भाग

प्रथम संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. समजा, एका कंपनीचे प्रत्येकी १० रुपये दर्शनी मूल्याचे १ कोटी समभाग आहेत. म्हणजे तिचे वसूल भागभांडवल १० कोटी रुपये आहे. बाजारात एका समभागाचा भाव २,००० रुपये आहे. कंपनीने १० रुपयांच्या एका भागाचे २ रुपयांचे पाच भाग केले, तर भागांची संख्या ५ कोटी होईल. भांडवल १० कोटी रुपयेच राहील आणि भाव, इतर काही घडले नाही तर, ४०० रुपयांच्या आसपास येईल. ज्याच्याकडे १० भाग होते त्याच्याकडे ५० आले. त्यांची किंमत पूर्वीही २०,००० रुपये होती व आताही तेवढीच आहे. कंपनीतील त्याचा हिस्सा आणि मताधिकाराचे प्रमाण तसूभरही बदलले नाही. भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केले तरी भाकरी एकच राहते.

बक्षीस भाग, म्हणजे बोनस शेअर, दिसायला असाच असतो. पण हिशेबाच्या वहीत त्याची नोंद वेगळी पडते. वरील कंपनीकडे १९० कोटी रुपयांचा राखीव निधी असेल व तिने एकास एक प्रमाणात बक्षीस भाग दिले, तर निधीतील १० कोटी रुपये भांडवलात वर्ग होतात. भांडवल २० कोटी, निधी १८० कोटी. बेरीज पूर्वीप्रमाणेच २०० कोटी. येथे दर्शनी मूल्य १० रुपयेच राहते. नफ्याचा काही भाग कायमचा धंद्यात अडकवून ठेवल्याची जाहीर कबुली कंपनी यातून देते. विभाजनात ही कबुलीदेखील नसते. १९५६ च्या कंपनी कायद्यात विभाजनाची तरतूद कलम ९४ मध्ये होती; २०१३ च्या कायद्यात ती कलम ६१ मध्ये आहे, तर बक्षीस भागांसाठी कलम ६३ स्वतंत्र आहे. कायद्याने काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या या दोन गोष्टी बोलीभाषेतील 'फुटणे' या एका क्रियापदाने एकत्र करून टाकल्या आहेत.

लाभांशाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. लाभांशाची टक्केवारी दर्शनी मूल्यावर काढलेली असते, बाजारभावावर नव्हे. '३०० टक्के लाभांश' हे शब्द ऐकून डोळे विस्फारतात. परंतु दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर हातात पडतात अवघे ६ रुपये.

मोठ्या रकमेचे भाग

दर्शनी मूल्य हा आज कागदोपत्री आकडा वाटतो. एकोणिसाव्या शतकात तो धनिक व सामान्य यांच्यामधील भिंत होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला व हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. प्रेमचंद रायचंद हे नाव या काळाशी कायमचे जोडले गेले आहे. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ज्या भागावर ५,००० रुपये भरलेले होते, त्याचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. एवढ्या रकमेचा एक भाग घेणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात नव्हते. तरीही सट्ट्याची लागण सर्व थरांत पसरली, कारण वायद्याच्या सौद्यात पूर्ण रक्कम हातात असण्याची गरज नव्हती. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा युद्ध संपून कापसाचे भाव कोसळलेले होते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला भाग पुढे ८७ रुपयांना विकला गेला. १८७५ मध्ये 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' ही दलालांची संस्था स्थापन झाली. तिलाच आपण मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखतो.

या काळात दर्शनी मूल्याला कोणताही सर्वमान्य दंडक नव्हता. १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने स्वदेशीच्या लाटेत भांडवल उभारले, तेव्हा तिचे साधारण भाग ७५ रुपयांचे, अग्रहक्काचे भाग १५० रुपयांचे आणि 'डिफर्ड' भाग ३० रुपयांचे होते. सुमारे २ कोटी ३२ लाख रुपयांचे हे भांडवल तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी पुरवले. एकाच कंपनीत तीन मूल्यांचे तीन प्रकार! ५,००० रुपयांच्या भागाकडून ७५ रुपयांच्या भागाकडे झालेला हा प्रवास माझ्या मते महत्त्वाचा आहे. भाग लहान केल्याने मालकी अधिक हातांत जाऊ शकते, ही विभाजनामागील मूळ कल्पना येथे 'विभाजन' हा शब्द न उच्चारता प्रत्यक्षात आलेली दिसते.

दहा रुपयांची चौकट

स्वातंत्र्यानंतर भांडवल उभारणीची सूत्रे सरकारच्या हाती आली. १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली भांडवल निर्गम नियंत्रकाची परवानगी घेतल्याशिवाय कंपन्यांना भाग विकता येत नसत. भाग कोणत्या किमतीला विकावेत हेही तेथेच ठरे. कालांतराने समभागाचे दर्शनी मूल्य १० किंवा १०० रुपये असावे असा दंडक रूढ झाला. १९७७ नंतर रिलायन्सच्या भागविक्रीने आणि परकीय कंपन्यांनी सक्तीने विकलेल्या भागांनी मध्यमवर्ग बाजारात ओढला गेला, तो या दहा रुपयांच्या चौकटीतच.

या चौकटीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. १०० रुपयांचा भाग १० रुपयांचा करता येई. १० रुपयांचा भाग त्याहून लहान करण्याची वाट बंद होती. भाव फार चढला आणि तो खाली आणायचा असेल तर कंपनीपुढे बक्षीस भाग हा एकच मार्ग उरे. त्यामुळे त्या पिढीच्या स्मरणात भागांची संख्या वाढणे म्हणजे बोनस, आणि बोनस म्हणजे कंपनीची भरभराट, असे समीकरण पक्के झाले. ते अगदीच निराधार नव्हते, कारण बक्षीस भाग देण्यासाठी राखीव निधी असावा लागतो. पुढे विभाजन आले तेव्हा लोकांनी बोनसची पुण्याई विनातक्रार त्याच्या खात्यावर जमा केली.

त्या काळच्या व्यवहाराची आठवण आजच्या विद्यार्थ्यांना नाही, म्हणून दोन शब्द लिहितो. समभाग म्हणजे छापील भागपत्र. विकायचे तर त्यासोबत सही केलेले हस्तांतरण पत्र द्यावे लागे. सही जुळली नाही तर सगळे परत येई. बाजारात व्यवहार ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यात, म्हणजे 'मार्केट लॉट'मध्ये चाले. १० रुपयांच्या भागांसाठी तो बहुधा ५० किंवा १०० चा असे. त्याहून कमी भाग असतील तर ते 'ऑड लॉट' ठरत आणि पडेल भावाने विकावे लागत. तिनास एक, पाचास दोन अशा प्रमाणात बोनस आला की घराघरांत असे सुटे भाग साचत. अशा बाजारात भाग स्वस्त असणे ही चैन नव्हती. १,००० रुपये भावाचा भाग आणि ५० चा गठ्ठा म्हणजे बाजारात शिरण्याचे तिकीटच ५०,००० रुपयांचे झाले. विभाजनाची खरी निकड कुठल्या काळात होती असे विचारले, तर ती या काळात होती. आणि नेमक्या याच काळात त्याला मज्जाव होता.

१४ जून १९९९

१९९२ मध्ये भांडवल नियंत्रण कायदा रद्द झाला व 'सेबी'ला वैधानिक दर्जा मिळाला. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'एनएसडीएल'चे काम सुरू झाले. भागपत्रांची जागा डीमॅट खात्यातील नोंदींनी घेण्यास सुरुवात झाली. या पार्श्वभूमीवर १४ जून १९९९ रोजी सेबीने एक परिपत्रक काढून १० व १०० रुपयांचा दंडक मागे घेतला. कंपन्यांना आपले दर्शनी मूल्य ठरवण्याची मुभा मिळाली. मात्र ते १ रुपयाहून कमी असू नये, त्यात रुपयाचा अपूर्णांक असू नये आणि एका वेळी कंपनीच्या समभागांचे एकच दर्शनी मूल्य असावे, अशा अटी होत्या. ज्या कंपन्यांचे समभाग डीमॅट स्वरूपात आहेत त्यांनाच ही सवलत होती.

या शेवटच्या अटीत एक विरोधाभास दडलेला आहे. डीमॅटमुळे एकच समभाग घेणे वा विकणे शक्य झाले. गठ्ठ्याची व सुट्या भागांची अडचण संपली. म्हणजे विभाजनाचे सर्वांत सबळ कारण ज्या व्यवस्थेने नाहीसे केले, त्याच व्यवस्थेच्या अटीवर विभाजनाला परवानगी मिळाली. इतिहासात असे अनेकदा घडते. औषध हाती येते तेव्हा दुखणे ओसरलेले असते.

कंपन्यांनी मुभेचा लाभ लगेच घेतला. विप्रोने १९९९ मध्ये १० रुपयांचा भाग २ रुपयांचा केला. इन्फोसिसने २००० च्या प्रारंभी १० चा ५ केला. हा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या भाववाढीचा कळसाचा काळ होता. विप्रोचा २ रुपयांचा भाग फेब्रुवारी २००० मध्ये ९,००० रुपयांच्या पलीकडे गेला आणि पुढील दोन वर्षांत त्या किमतीचा बराच मोठा भाग वितळून गेला. विभाजनाच्या पाठोपाठ आलेली ती तेजी पाहणाऱ्यांनी विभाजनाला कारण मानले. पाठोपाठच आलेल्या पडझडीला मात्र कोणी विभाजनाचा परिणाम म्हटल्याचे ऐकिवात नाही.

अमळनेरचा हिशेब

आता प्रारंभीच्या लोकप्रिय वाक्याकडे वळू. १९९७ च्या बोनसपूर्वी विप्रोचा १० रुपयांचा एक भाग ज्याच्याकडे होता व ज्याने तो कधीच विकला नाही, त्याचे काय झाले? १९९७ मध्ये एकास दोन बक्षीस भाग मिळून एकाचे तीन झाले. १९९९ च्या विभाजनाने तीनाचे पंधरा झाले. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन बोनस : पंचेचाळीस. २००५ मध्ये एकास एक : नव्वद. २०१० मध्ये तिनास दोन : दीडशे. २०१७ मध्ये एकास एक : तीनशे. २०१९ मध्ये तिनास एक : चारशे. २०२४ मध्ये एकास एक : आठशे.

एकाचे आठशे झाले हे खरे. परंतु या आठशे पटीत विभाजनाचा वाटा फक्त पाच पटीचा आहे. उरलेली एकशे साठ पट बोनसची आहे. आणि बोनसचे भाग तरी आले कोठून? वनस्पती तुपाच्या धंद्यातून संगणक व सॉफ्टवेअरकडे वळलेल्या कंपनीने दशकानुदशके कमावलेल्या व धंद्यातच ठेवलेल्या नफ्यातून. आठशेपैकी एकही भाग कागद कापल्याने श्रीमंत झालेला नाही. अमळनेरकरांचे श्रेय असेल तर ते न विकण्याचे आहे. आणि न विकण्याचे कारण प्रत्येक घरी दूरदृष्टी हेच होते असे मानणेही धाडसाचे होईल. अनेक कागद केवळ विसरले गेल्यामुळे टिकतात.

संशोधकांनाही येथे सावध राहावे लागते. जुन्या वृत्तपत्रांतील भाव जसेच्या तसे घेऊन आलेख काढला तर विभाजनाच्या दिवशी बाजार कोसळल्यासारखा दिसतो. भारतीय स्टेट बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये १० रुपयांचा भाग १ रुपयाचा केला. नेस्ले इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये तेच केले. दोन्ही ठिकाणी भाव एका दिवसात दहाव्या हिश्श्यावर आला. त्याआधीचे सर्व भाव दहाने भागून घेतल्याशिवाय तुलना निरर्थक ठरते.

भाव चढतो तो का?

विभाजनाची घोषणा झाली की भाव चढतो, हा अनुभव खोटा नाही. अमेरिकेत जेम्स डॉली यांनी १९३३ मध्येच १९२१ ते १९३१ या काळातील ९५ विभाजने तपासली. त्यांपैकी ५७ प्रकरणांत भाव वाढल्याचे व २६ प्रकरणांत घटल्याचे त्यांना आढळले. मात्र वाढीचे कारण कोणते, याचा अधिक खोल शोध १९६९ मध्ये फामा, फिशर, जेन्सन व रोल यांच्या अभ्यासाने घेतला. न्यूयॉर्क शेअर बाजारातील १९२७ ते १९५९ या काळातील ९४० विभाजने त्यांनी पाहिली. त्यांना असे दिसले की, असाधारण भाववाढ होते ती विभाजनापूर्वी. विभाजन झाल्यानंतर सरासरीने विशेष लाभ उरत नाही. ज्या कंपन्यांनी नंतर लाभांश वाढवला त्यांचे भाव टिकले. ज्यांनी वाढवला नाही त्यांचे घसरले. म्हणजे बाजार विभाजनाला नव्हे, तर त्यामागे दिसणाऱ्या नफ्याच्या व लाभांशाच्या आशेला किंमत देत होता. कंपनी चांगली चालते म्हणून भाव चढतो आणि भाव चढतो म्हणून विभाजन होते. आपण मात्र कार्यकारणाची ही साखळी शेवटाकडून वाचतो.

विभाजन निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नाही. एमआरएफ कंपनीने १० रुपयांचा भाग फोडलेला नाही. जून २०२३ मध्ये त्याचा भाव १ लाख रुपयांवर गेला. भारतात भागाचा अंश विकत घेण्याची सोय नाही. त्यामुळे दरमहा हजार-दोन हजार रुपये बाजूला टाकणाऱ्याला हे दार बंदच आहे. अमेरिकेतील बर्कशायर हॅथवे या कंपनीने आपला मूळ 'अ' वर्गाचा भाग कधीच फोडला नाही, परंतु लहान गुंतवणूकदारांसाठी १९९६ मध्ये 'ब' वर्ग काढावा लागला. याउलट रिलायन्सने १० रुपयांचे दर्शनी मूल्य कायम ठेवून १९९७, २००९, २०१७ व २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. एचडीएफसी बँकेने २०११ मध्ये १० चा २ आणि २०१९ मध्ये २ चा १ रुपया केला. तेथे विभाजनाची पायरी संपली. त्यानंतर २०२५ मध्ये तिला बोनसकडेच वळावे लागले.

पेटीतले कागद

महाविद्यालयाच्या स्थानिक इतिहास प्रकल्पासाठी जुनी कागदपत्रे गोळा करीत असताना एका दिवंगत शिक्षकांच्या घरी लोखंडी पेटीत एक भागपत्र मिळाले. १० रुपयांचे ५० भाग, मागे हस्तांतरणाचे शिक्के. कंपनी आजही चालू आहे. मधल्या काळात तिने १० चा २ रुपये केला व नंतर एकास एक बोनस दिला. म्हणजे त्या कागदामागे आता ५०० भाग होते. मी हे सांगितले तेव्हा त्या घरच्या आजी म्हणाल्या, "पन्नासच आहेत हो सर. हे काय, लिहिलंय ना पन्नास!"

विभाजनाच्या वेळी कंपनीने नवी भागपत्रे पाठवली होती. परंतु नोंदीतला पत्ता शिक्षकांच्या पहिल्या नोकरीच्या गावचा. ती परत गेली. जुने भागपत्र नोंद तारखेपासून आपोआप रद्द ठरले होते, हे त्या घरात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. लाभांशही त्याच पत्त्यावर जात राहिला. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर ते भागच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. येथेही तसेच झाले. ते परत मिळवता येतात. त्यासाठी वारसाचा पुरावा, डीमॅट खाते, कंपनीचे पडताळणी पत्र व निधीकडे करावयाचा अर्ज अशी वाट आहे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी भागांचे हस्तांतरणही बंद झाले आहे, तेव्हा डीमॅट खात्यावाचून गत्यंतर नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी आयुष्यातील पहिले डीमॅट खाते उघडले.

मूळ भागपत्र दाव्यासोबत कंपनीकडे जमा करावे लागले. प्रकल्पाच्या संग्रहात त्याची छायाप्रत ठेवली असून, तिच्यासोबतच्या नोंदपत्रावर भागांची संख्या दोनदा लिहिली आहे : कागदावर ५०, नोंदीत ५००.